पोस्टग्रेसने एआरसी काढला तेव्हा: शेअर्ड बफरांचं एक प्रकरण

१९ जानेवारी २००५ ला पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसची ८.० आवृत्ती आली. विंडोजवर थेट चालणारी पहिली आवृत्ती म्हणून तिचा बोलबाला झाला. तिच्या पोटात आणखी एक नवी गोष्ट होती, तिच्याकडे मात्र बाहेरच्या फारशा कुणाचं लक्ष गेलं नाही. फाइलींची कुठली पानं मेमरीत ठेवायची आणि जागा संपली की कुठलं बाहेर काढायचं, हे ठरवणारा अल्गोरिदम बदलला होता. नव्याचं नाव एआरसी. ७ एप्रिलला ८.०.२ आली आणि तो अल्गोरिदम काढून तिथे दुसरा बसवला गेला. ८ नोव्हेंबरला ८.१ आली, तेव्हा दुसराही गेला आणि तिसरा आला. पोस्टग्रेसच्या शिस्तीत ८.०.२ सारख्या छोट्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या जातात. डेटाबेसच्या गाभ्यातला भाग अशा आवृत्तीत बदलायचा म्हणजे तसंच काही कारण लागतं.

कारण पेटंटचं होतं. ही हकिगत बहुतेक जण तिथेच संपवतात: पेटंटपायी चांगला अल्गोरिदम सोडावा लागला, बिचारे. मला ते अर्धवट वाटतं. सी भाषेत शेअर्ड मेमरीवर काम करणाऱ्याने या प्रकरणात बघण्यासारखं जे आहे ते वकिलांच्या पलीकडे आहे, आणि माझं मत असं की पेटंट नसतं तरी एआरसी तिथे फार दिवस राहिला नसता.

मांडणी

पोस्टग्रेस थ्रेड वापरत नाही. प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस असते, आणि या सगळ्या प्रोसेसमध्ये शेअर्ड मेमरीचा एकच मोठा तुकडा सामाईक असतो. सर्व्हर सुरू होताना तो एकदाच घेतला जातो. त्यात ओळीने ८ केबीचे बफर असतात. प्रत्येक बफरचा एक छोटा स्ट्रक्ट असतो, त्याला डिस्क्रिप्टर म्हणू. शिवाय 'अमुक फाइलचं अमुक नंबरचं पान कुठल्या बफरमध्ये आहे' हे सांगणारं एक हॅश टेबल. ८.० मध्ये नेहमीच्या सेटिंगला १,००० बफर मिळायचे, म्हणजे जेमतेम ८ एमबी. आज काहीही न बदलता १२८ एमबी मिळतात, म्हणजे १६,३८४ बफर.

कोडमध्ये बफरची ओळख पॉइंटरने होत नाही, साध्या इंटिजरने होते. शून्य म्हणजे अवैध, १ पासून पुढे शेअर्ड बफर, आणि उणे आकडे त्या प्रोसेसच्या खासगी बफरांसाठी, जे तात्पुरत्या टेबलांना लागतात. सोपी युक्ती आहे, पण चिन्ह पाहिलं की लॉकची गरज आहे की नाही ते लगेच कळतं.

पानाला हात लावायचे नियम दोन पातळ्यांवर आहेत. आधी पिन: डिस्क्रिप्टरमधला रेफरन्स काउंट एकने वाढवायचा. तो शून्यावर नाही तोवर त्या बफरमधलं पान काढून तिथे दुसरं कुणीही आणू शकत नाही. मग पानातला मजकूर वाचायचा असेल तर शेअर्ड लॉक, बदलायचा असेल तर एक्सक्लुसिव्ह. यातली खुबी अशी की हवी ती ओळ सापडली की मजकुराचं लॉक सोडून देता येतं. पिन हातात असेपर्यंत ती ओळ आहे तिथेच राहते. पिन तासभरही ठेवता येते, लॉक मात्र चटकन सोडायचं. पानातली मेलेली ओळ खरोखर पुसून जागा आवरायची असेल तर एक्सक्लुसिव्ह लॉक घेऊनही भागत नाही, पिन फक्त आपली एकट्याचीच आहे याचीही खात्री करावी लागते. कुणीतरी लॉक सोडून त्या ओळीवर पॉइंटर रोखून बसलेला असू शकतो.

हे सगळं ८.० च्या आधीही असंच होतं. बदलला तो पुढचा प्रश्न: सगळे बफर भरले, नवं पान आणायचंय, तर जुनं कुठलं काढायचं?

एआरसी काय करत होता

८.० पर्यंत उत्तर होतं एलआरयू, म्हणजे सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं पान काढा. त्याचा दोष जगजाहीर आहे. कुणीतरी एका मोठ्या टेबलावर आरंभापासून शेवटापर्यंत एक क्वेरी चालवली की कॅशमधली सगळी उपयोगी पानं बाहेर फेकली जातात, आणि परत कधीही न लागणारी पानं तिथे ठाण मांडून बसतात.

२००३ साली फास्ट या स्टोरेजवरच्या परिषदेत आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतल्या निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा यांनी एआरसी मांडला. (मोधा पवईच्या आयआयटीचे पदवीधर.) कल्पना देखणी आहे. एक यादी नुकत्याच एकदा पाहिलेल्या पानांची, दुसरी दोन किंवा अधिक वेळा पाहिलेल्यांची. त्यांच्या जोडीला दोन भुताटकीच्या याद्या: कॅशमधून नुकतीच काढलेली पानं, ज्यांचा मजकूर गेला पण नाव उरलं. पहिल्या भुताच्या यादीतलं पान पुन्हा मागितलं गेलं, तर त्याचा अर्थ 'एकदाच पाहिलेल्यांना' आपण फार कमी जागा दिली, ती वाढवायची. दुसऱ्या भुताच्या यादीत सापडलं तर उलट. कामाचं स्वरूप बदललं की हा तोल आपोआप सरकतो, कुठलंही बटण पिळावं लागत नाही.

पोस्टग्रेसच्या विकासकांपैकी यान वीक यांनी तो पोस्टग्रेसमध्ये आणला. निबंधातला अल्गोरिदम डेटाबेसमध्ये उतरवताना काय होतं याचा एक नमुना त्या कोडमध्ये आहे. अपडेट करताना डेटाबेस आधी ओळ शोधायला पान वाचतो आणि मग तेच पान बदलायला परत मागतो. एआरसीच्या हिशोबात हे पान दोनदा वापरलं गेलं, म्हणून ते लगेच बढती मिळून 'वारंवार लागणाऱ्या' यादीत जाऊन बसणार. प्रत्यक्षात वापर एकाच कामाचा होता. म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीत, पान पहिल्यांदा आणणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा नंबर ठेवला गेला. त्याच ट्रान्झॅक्शनने परत मागितलं तर बढती नाही. शिवाय व्हॅक्यूमने, म्हणजे मेलेल्या ओळी झाडणाऱ्या कामाने, आणलेल्या पानांवर वेगळी खूण, कारण व्हॅक्यूम सगळ्या टेबलावरून फिरतो आणि त्याच्या फिरण्याला 'वापर' म्हणण्यात अर्थ नाही. निबंधात 'वापर' हा शब्द निर्विवाद वाटतो, कोड लिहायला बसलं की पहिला वाद त्याच्यावरच होतो.

अर्ज

८.० बाहेर पडायच्या सुमारासच लक्षात आलं की आयबीएमने एआरसीच्या पेटंटसाठी अमेरिकेत अर्ज केलेला आहे. अर्ज नोव्हेंबर २००२ चा, निबंध प्रसिद्ध व्हायच्या आधीचा. त्याच जानेवारी महिन्यात आयबीएमने ५०० पेटंटं मुक्त सॉफ्टवेअरसाठी खुली केल्याची घोषणा केली होती, पण ती यादी मंजूर झालेल्या पेटंटांची होती आणि एआरसीचा अर्ज तेव्हा लोंबकळतच होता.

परवानगी मागावी, तर तिचाही उपयोग मर्यादित होता. पोस्टग्रेसचं लायसन्स बीएसडी पद्धतीचं आहे. कुणीही हा कोड घेऊन त्यावर बंदिस्त, विकाऊ उत्पादन बनवू शकतो, आणि अनेक कंपन्या तेव्हाही ते करत होत्या. मुक्त प्रकल्पापुरती सूट मिळाली असती तरी या कंपन्या उघड्यावर पडल्या असत्या. म्हणून अर्ज मंजूर होतो की नाही याची वाट न पाहता एआरसी काढायचं ठरलं. तो मंजूर झाला फेब्रुवारी २००६ मध्ये, तोपर्यंत ८.१ लोकांच्या सर्व्हरवर चालू होती.

८.०.२ मध्ये जागा घेतली टूक्यू या जुन्या अल्गोरिदमने. १९९४ चा, थिओडोर जॉन्सन आणि डेनिस शाशा यांचा. त्यातही नवख्या पानांची वेगळी रांग आहे, काढलेल्यांच्या नावांची एक भुताटकी यादी आहे. फक्त त्यांचे आकार स्थिर असतात, एआरसीसारखे स्वतःहून सरकत नाहीत. आवृत्तीच्या टिपणात प्रामाणिकपणे लिहिलं होतं की काही कामांत हा एआरसीपेक्षा काही टक्के मंद असू शकेल, आणि ८.१ मध्ये अधिक चांगलं काही येईल.

काही टक्के. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्याच काळात दुसरीकडे मोठमोठ्या मशीन अक्षरशः गुदमरत होत्या.

लॉक

२००४ साली अनेक झिऑन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर पोस्टग्रेसची एक विचित्र तक्रार दिसू लागली. डेटा सगळा मेमरीत, डिस्क स्वस्थ, तरी वेग कोसळतो आणि कॉन्टेक्स्ट स्विचचा, म्हणजे प्रोसेसरने एक प्रोसेस थांबवून दुसरी चालवण्याचा, आकडा आभाळाला भिडतो. कारण एका लॉकपाशी होतं. बफर मॅनेजरची प्रत्येक हालचाल, म्हणजे हॅश टेबलात शोध, पिन, पिन सोडणं, यादीत जागा बदलणं, हे सगळं एकाच सिस्टिमभरच्या लॉकखाली चालायचं. तिकिटं भरपूर, फलाट रिकामा, पण खिडकी एकच.

आता एआरसीकडे या नजरेने बघा. पान कॅशमध्ये सापडलं, म्हणजे सगळ्यात सुखाची स्थिती. पण त्या वेळीही ते पान आपल्या यादीतून उपटून दुसऱ्या यादीच्या टोकाला जोडावं लागतं. दुहेरी लिंक्ड लिस्टमध्ये हे चार-सहा पॉइंटरांचं काम. एकट्याच्या प्रोग्राममध्ये ते फुकटात जमा. शेअर्ड मेमरीत मात्र ते पॉइंटर दोन प्रोसेसनी एकाच वेळी हलवले तर यादी तुटते, म्हणून लॉक हवंच. म्हणजे कॅशमध्ये पान सापडण्याचं प्रमाण जितकं चांगलं, तितक्या वेळा त्या एका लॉकपाशी गर्दी. एलआरयूचं तेच, टूक्यूत वारंवार लागणाऱ्या पानांचं तेच.

हे पोस्टग्रेसवाल्यांनाच सुचलं असं नाही. खुद्द मोधा यांनी सोरव बन्सल यांच्याबरोबर २००४ च्या फास्ट परिषदेत कार नावाचा अल्गोरिदम मांडला. त्या निबंधात एलआरयूच्या दोषांत हा दोष स्पष्ट लिहिला आहे: दर वेळी पान यादीच्या टोकाला हलवायचं तर लॉकवर झुंबड उडते, आणि डेटाबेससारख्या ठिकाणी ते परवडत नाही. एआरसीचे जनकच वर्षभरात याद्या सोडून घड्याळाकडे, म्हणजे पानांवरून गोल फिरणाऱ्या काट्याकडे, वळले होते. झेडएफएस या फाइल सिस्टिमने एआरसी (थोडा बदलून) ठेवला, पण पुढे तिथेही लॉकची गर्दी फोडायला याद्यांचे तुकडे पाडावे लागले.

८.१ मधली घड्याळाची चाल

८.१ साठी पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांनी बफर मॅनेजरचं लॉकिंग नव्याने लिहिलं. तो एकच लॉक गेला. हॅश टेबलाला वेगळं लॉक आलं, जे नुसत्या शोधासाठी अनेकांना एकदम घेता येतं, ८.२ मध्ये त्याचेही १६ भाग झाले, आणि ९.५ मध्ये १२८. प्रत्येक डिस्क्रिप्टरला स्वतःचं स्पिनलॉक मिळालं, म्हणजे क्षणभरच धरायचं, मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत राहायचं असं छोटं लॉक.

याद्याही गेल्या. त्यांच्या जागी आली फर्नांडो कॉर्बाटोंनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी साठच्या दशकात वापरलेली घड्याळाची कल्पना, थोडी वाढवून. प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये एक वापराचा आकडा. पान वापरलं की तो एकने वाढतो, कमाल ५ पर्यंत. जागा हवी असली की काटा बफरांवरून गोल फिरतो. पिन असलेला बफर दिसला तर पुढे. पिन नाही पण आकडा शून्यापेक्षा मोठा, तर एकने कमी करून पुढे. पिन नाही आणि आकडाही शून्य, तर हाच तो. सगळे बफर पिन केलेले निघाले तर पोस्टग्रेस सरळ एरर देतो, उगाच गरगर फिरत बसत नाही.

पान सापडल्यावर आता काय करावं लागतं? फक्त त्या एका डिस्क्रिप्टरमधला आकडा वाढवायचा. शेजारच्याला हात लावायचा नाही, सामाईक यादीला तर नाहीच. दोन प्रोसेस दोन वेगळी पानं वापरत असतील तर त्या एकमेकींना अडवतच नाहीत. अचूकतेत हा एआरसीच्या जवळपासही नाही: कोण आधी आलं, कोण नंतर, याची आठवण ५ पर्यंतच्या आकड्यात किती राहणार. तरी माझ्या मते हा सौदा फायद्याचा होता, आणि त्याला पोस्टग्रेसचंच एक वैशिष्ट्य कारणीभूत आहे. तो फाइली कर्नलमार्फत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यामार्फत, वाचतो, कर्नलची स्वतःची पेज कॅश टाळत नाही. त्यामुळे शेअर्ड बफरमधून चुकीचं पान काढलं गेलं तरी ते बऱ्याचदा कर्नलकडे मेमरीत असतंच. चुकीची किंमत एक सिस्टिम कॉल आणि ८ केबीची कॉपी, डिस्कचे काही मिलिसेकंद नव्हेत. कर्नलला बाजूला सारून थेट डिस्कशी बोलणारा डेटाबेस असता तर मी इतक्या सहजपणे हे म्हटलं नसतं.

पान काढताना

सामाईक लॉक मोडून बारीक लॉक केले की गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. पान बदलण्याचा मार्ग जवळून पाहिला की हे दिसतं. ८.२ पासून पुढे अनेक वर्षं तो असा होता.

काट्याने बफर दिला, आपण त्यावर पिन ठेवली. पान डर्टी आहे, म्हणजे बदललेलं पण डिस्कवर न लिहिलेलं. लिहायला मजकुराचं शेअर्ड लॉक हवं. इथे लॉकसाठी थांबायचं नाही. मिळालं तर ठीक, नाहीतर पिन सोडून दुसरा बफर मागायचा. कारण कोडमधल्या टिपणीत नोंदलं आहे: दोन प्रोसेस बी-ट्री इंडेक्सची पानं फोडत होत्या, आणि दुसरी जे पान फोडायला बसली होती तेच पान पहिलीला काढायला मिळालं. पहिली स्वतः काही लॉक धरून दुसरीची वाट बघणार, दुसरी पहिलीची. असं डेडलॉक प्रत्यक्षात घडलेलं आहे, कागदावरची शंका नव्हे.

लॉक मिळालं. पान लिहिण्याआधी त्या पानातल्या शेवटच्या बदलापर्यंतचा वॉल, म्हणजे बदलांची आधी लिहायची नोंदवही, डिस्कवर पोचलेला हवा. मग लिहायचं. मग हॅश टेबलातून जुनं नाव काढून नवं घालायचं. जुनं आणि नवं नाव वेगवेगळ्या भागांत असेल तर दोन लॉक लागतात, आणि ते नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे, लहान आधी. दुसऱ्या कुणी उलटा क्रम घेतला की पुन्हा डेडलॉक. एवढं करून झाल्यावर डिस्क्रिप्टरचं स्पिनलॉक घेऊन परत तपासायचं: पिन अजून आपली एकट्याचीच आहे का? आणि पान पुन्हा डर्टी तर झालं नाही? लिहीत असताना हॅश टेबलात जुनं नाव होतंच, कुणीही ते शोधून वापरायला घेऊ शकलं असतं. घेतलं असेल तर आपली सगळी मेहनत सोडून पहिल्या पायरीवर.

नव्या नावाचं पान दरम्यान दुसऱ्याच कुणी आणून ठेवलेलं असणंही शक्य आहे. मग आपला बफर परत करायचा आणि त्याचा वापरायचा. एकच पान दोन बफरमध्ये असणं हा गुन्हा आहे, त्याला माफी नाही.

पिनच्या हिशोबात आणखी एक काटकसर आहे. एकाच प्रोसेसने तेच पान दुसऱ्यांदा पिन केलं तर सामाईक आकड्याला हात लावायची गरज नाही, प्रोसेस आपल्या खासगी तक्त्यात मोजते. ९.४ पर्यंत हा तक्ता प्रत्येक बफरला ४ बाइट असा होता. ६४ जीबीच्या शेअर्ड बफरला ८३,८८,६०८ बफर, म्हणजे प्रत्येक कनेक्शनमागे ३२ एमबीचा तक्ता, बहुतांश शून्यांनी भरलेला. ९.५ मध्ये तिथे आठ नोंदींचा छोटा ॲरे आणि गरज पडली तरच हॅश टेबल असं आलं.

जे गमावलं

एआरसी गेल्यावर मोठ्या टेबलाच्या सरसकट वाचनापासून मिळणारं संरक्षणही गेलं. ५ च्या आकड्याची पानं काट्याच्या काही फेऱ्या टिकतात, पण टेबल पुरेसं मोठं असलं की तीही संपतात. उत्तर २००८ च्या ८.३ मध्ये आलं, आणि ते अल्गोरिदमने ओळखायचं ठेवलंच नाही. क्वेरी चालवणाऱ्याला माहीतच असतं की आपण अख्खं टेबल वाचतोय. मग तसं सांगून टाकावं. टेबल शेअर्ड बफरांच्या एक चतुर्थांशाहून मोठं असेल तर त्या वाचनाला २५६ केबीची छोटी रिंग दिली जाते, म्हणजे ३२ बफर, आणि ते त्यातच फिरत राहतं. आकार असा की प्रोसेसरच्या एल२ कॅशमध्ये मावावा. व्हॅक्यूमलाही तशीच रिंग मिळाली. याद्यांच्या निरीक्षणातून एआरसी जे अंदाजाने ताडायचा, ते इथे एका पॅरामीटरने कळतं.

मग कोअर वाढत गेले आणि स्पिनलॉकही जड वाटू लागलं. सप्टेंबर २०१६ च्या ९.६ मध्ये डिस्क्रिप्टरची सगळी स्थिती एकाच ३२ बिटांच्या ॲटॉमिक आकड्यात कोंबली गेली: १८ बिट पिनच्या मोजणीला, ४ वापराच्या आकड्याला, १० फ्लॅगना. पिन करणं आणि वापर नोंदवणं आता एकाच कम्पेअर-अँड-स्वॅपमध्ये होतं, म्हणजे 'आकडा अजून तोच असेल तरच बदल' या प्रोसेसरच्या एका अखंड सूचनेत. हे जमलं कारण ८.१ पासून पान वापरल्याची नोंद त्या पानाच्या डिस्क्रिप्टरच्या बाहेर कुठेच जात नाही. लिंक्ड लिस्ट असती तर ३२ बिटांत काय काय कोंबणार. वापराच्या आकड्याला ४ बिट, म्हणजे १५ पर्यंत मावतं, तरी कमाल ५ च ठेवली आहे. ती जितकी मोठी तितकं वागणं एलआरयूसारखं अचूक होत जातं, पण प्रत्येक पानाचा आकडा कमालीला पोचलेला असेल तर रिकामा बफर मिळेपर्यंत काट्याला तितक्या पूर्ण फेऱ्या मारून पुढच्या फेरीत शिरावं लागेल, म्हणजे आत्ताच्या हिशोबाने पाच फेऱ्या संपवून सहावीत.